मुलीची पेटी

आमच्या घरांतून मुलीची पेटी आजवर एकाच कामासाठी भरली गेली. पत्र्याची, निळ्या नाहीतर हिरव्या रंगाची, झाकणावर फुलं रंगवलेली पेटी. मुलगी आठ-दहा वर्षांची झाली की ती पेटी पलंगाखाली येते आणि मग दर ईदेला, दर भिशीला तिच्यात काहीतरी पडत राहतं. कधी स्टीलचे सहा पेले, कधी कपड्याचा तुकडा, कधी चांदीचे पैंजण. सोलापूरचं घर असेल तर चादरी असणारच. वर डांबरगोळ्या टाकायच्या, कुलूप लावायचं आणि किल्ली दादीच्या कनवटीला. याला आम्ही जहेज म्हणतो. इस्लाममध्ये जहेजची सक्ती नाही, असं दर जुम्म्याला सांगणारेही घरी आल्यावर पेटी किती भरली ते विचारतात. त्या पेटीत काय ठेवायचं हे ज्या मुलीसाठी ती भरायची, तिला विचारण्याची पद्धत मात्र कधी नव्हती.

आता आमच्या मुलींची दुसरी एक पेटी भरायची वेळ आली आहे, आणि तिची रीत कोणालाच ठाऊक नाही. रुखसतीच्या सामानाची यादी आमच्या बायकांना तोंडपाठ असते. वसतिगृहात शिकायला निघालेल्या मुलीच्या सामानाची यादी मोहल्ल्यात कोणाकडे नसते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आमच्या पिढीतल्या मुलींनी डी.एड., बी.एड. केलं ते दिवेलागणीपर्यंत घरी परतता येईल अशाच कॉलेजात. एक डबा, एक छत्री आणि एसटीचा पास, एवढंच आमचं सामान. ‘मुलगी शिकू दे, पण रात्री घरात दिसू दे’ हा आमच्या वडीलधाऱ्यांचा आणि आमचा न लिहिलेला करार होता. तो पाळला म्हणून आम्ही शिकलो, आणि तो पाळला म्हणून तेवढंच शिकलो.

मुलांच्या बाबतीत वसतिगृह ही नवी गोष्ट नव्हती. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ साली मराठा विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू केलं आणि मग एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी केली. १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी निघाली, तिचं अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतलं आणि मुस्लिम बोर्डिंग आकाराला आलं. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली जे बोर्डिंग काढलं त्यात तर सगळ्या जातिधर्मांची मुलं एका पंगतीला बसली. मुलींसाठी अलीगढला शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी १९०६ साली शाळा काढली. तिचं वसतिगृह उघडायला १९१४ साल उजाडलं. शाळा आणि वसतिगृह यांच्यामध्ये आठ वर्षांचं अंतर आहे. मुलीला शाळेत पाठवणं आणि मुलीला रात्री घराबाहेर ठेवणं या आमच्या समाजात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अलीगढने ते अंतर आठ वर्षांत कापलं. आमच्या मोहल्ल्याला त्यानंतर आणखी शंभर वर्षं लागली.

आमच्या घरात ते अंतर २०२४ साली भाचीने कापलं. भावाचा मंडईत फळांचा गाळा आहे. आम्ही बागवान. तीन पिढ्या केळी आणि डाळिंबं विकण्यात गेल्या. भाची दहावीपर्यंत उर्दू माध्यमात, अकरावी-बारावी विज्ञान इंग्रजीत, आणि सीईटीनंतर बी.फार्मसीला नंबर लागला तो पुण्यात. त्याच वर्षी जुलैमध्ये राज्य सरकारचा निर्णय निघाला होता. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. फीचं कारण त्यामुळे उरलं नाही. ते कारण उरलं नाही म्हणून खरी कारणं बाहेर आली. राहणार कुठे, खाणार काय, कोणाबरोबर झोपणार, आणि लोक काय म्हणतील.

आधी खोली भाड्याने घ्यायचं ठरत होतं, म्हणजे भाभींना अधूनमधून जाऊन राहता आलं असतं. भाऊ आणि भाची दोन दिवस पुण्यात हिंडले. पहिल्या घरी नाव विचारलं आणि मग ‘आम्ही फक्त शाकाहारी मुलींना देतो’ असं सांगितलं. भाऊ म्हणाला, मुलगी इथे शाकाहारीच खाईल. तेव्हा खोली कालच गेली असं कळलं. दुसऱ्या घरी नाव ऐकल्यावर एवढं बोलणंही झालं नाही. वसतिगृहात मात्र गुणवत्ता यादी लागली, यादीत तिचं नाव होतं, आणि नाव होतं म्हणून खाट मिळाली. खोलीत तिघी, प्रत्येकीला एक खाट, एक टेबल आणि एक अरुंद कपाट. भाऊ परत आला तो म्हणाला, ‘जिथे लिहिलेला कायदा आहे तिथेच पोरीला ठेवू.’

सामानात सर्वांत आधी भरली ती कागदांची फाईल. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण आमच्या घरांत कपड्यांना जेवढा वेळ दिला जातो त्याच्या दहावा हिस्साही कागदांना दिला जात नाही. दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, उत्पन्न, जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता, रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र, आणि प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. यातल्या जातीच्या दाखल्याने सगळ्यांत जास्त दमवलं. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. भाचीच्या आजोबांच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसतं ‘मुसलमान’ लिहिलेलं. आमच्या बहुतेक घरांची हीच कथा आहे. त्या काळी मास्तरांनी विचारलं, आजोबांच्या वडिलांनी धर्म सांगितला आणि मास्तरांनी तोच जात म्हणून लिहिला. शेवटी चुलत आजोबांच्या नावाने अक्कलकोट तालुक्यातल्या एका मराठी शाळेच्या जनरल रजिस्टरात १९५१ सालची नोंद सापडली, ‘मुसलमान बागवान’. त्या एका शब्दावर चार वर्षांची फी अवलंबून होती. १९९०च्या दशकात मुस्लिम ओबीसींच्या चळवळीसाठी दिलीपकुमार यांच्यासारखा माणूस महाराष्ट्रात सभा घेत होता, तेव्हा मोहल्ल्यातले शिकलेले लोक ‘इस्लाममध्ये जाती कुठल्या?’ म्हणून हसत होते. त्यांच्या नाती आज तोच दाखला घेऊन रांगेत उभ्या आहेत.

कागदांनंतर बाकी सामान. वसतिगृहाची छापील यादी छोटी होती. गादी, उशी, बादली-मग, ताट-वाटी-पेला, कुलूप दोन किल्ल्यांचं, टॉर्च, नेहमीची औषधं. खाली ठळक अक्षरांत काय आणायचं नाही ते. इस्त्री, शेगडी, पाणी तापवायची कॉइल, विजेची किटली. घरात मात्र चार याद्या झाल्या. भाभींची यादी खाण्याची, भावाची यादी कुलपांची, दादींची यादी दुआंची आणि ताविजाची. चौथी भाचीची, वहीच्या शेवटच्या पानावर, अकरा ओळींची. तिच्या यादीत कपडे होते फक्त सहा जोड. भाभींनी काढले होते चौदा. ‘तीन बायकांत एक न्हाणीघर आणि एक दोरी. चौदा जोड वाळवू कुठे?’ हा तिचा सवाल होता, आणि त्याला कोणाकडे उत्तर नव्हतं.

खरा वाद झाला चादरीवरून. पुण्याची थंडी सोलापुरापेक्षा जास्त, अंथरूण-पांघरूण लागणारच. घरात पांघरायच्या चादरी होत्या त्या वापरून विरलेल्या. चांगल्या दोन होत्या त्या पेटीत. सोलापुरी चादर काय असते ते इथल्या माणसाला सांगायला नको. जकार्डवर विणलेली, दोन्ही बाजूंनी वापरता येणारी, एका बाजूला जी फुलं लाल तीच दुसऱ्या बाजूला पांढरी. २००५-०६ साली तिला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. दादींनी त्या दोन चादरी भाची बारा वर्षांची असताना घेतल्या होत्या आणि त्यांचं कागदी वेष्टनही काढू दिलं नव्हतं. भाचीने आपल्या यादीत चौथ्या ओळीवर लिहिलं होतं, ‘चादर १ (पेटीतली).’

दादी म्हणाल्या, ‘कोरी चादर क्या होस्टेल कू देते? वो तो उसके निकाह की है.’

भाची म्हणाली, ‘दादी, थंडी डिसंबर में आती. निकाह कब आता, तुमना मालूम है क्या?’

घर गप्प झालं. मुलीने मोठ्यांसमोर निकाहचं नाव स्वतःच्या तोंडाने काढायचं नसतं. पण प्रश्न चादरीचा नव्हताच. वसतिगृहाची वर्षाची फी, अनामत आणि खानावळीचे पहिले महिने मिळून ३६ हजार रुपये लागणार होते. ते भाभींच्या भिशीतून निघणार होते, आणि ती भिशी भाचीच्या कानातल्यांसाठी लावलेली होती. म्हणजे पैसे पेटीतून आधीच निघाले होते. आता चादर निघाली की पेटी उघडली गेली हे सगळ्यांना दिसणार होतं. दादींना पुण्याचीही धास्ती होती. त्यांच्या लहानपणी घरातल्या बायका कुर्बान हुसेनची कहाणी सांगत. सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी तो एक, १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फासावर गेलेला. दादींच्या लेखी पुणे म्हणजे येरवडा, जिथे सोलापूरची माणसं नेली जातात आणि परत येत नाहीत. आम्ही त्यांना सांगितलं की आता त्याच हुतात्म्यांच्या नावाची गाडी सोलापुरातून निघते आणि चार-सव्वाचार तासांत पुण्यात पोहोचते, संध्याकाळी तीच परत येते. त्या म्हणाल्या, ‘गाडी आती, पोट्टी आनी ना.’

चादर दोन दिवसांनी निघाली. दादींनी कनवटीची किल्ली स्वतः काढून दिली, वेष्टन मात्र स्वतःच्या हातांनी फाडलं. दुसरी चादर पेटीतच राहिली.

मग धर्माचं सामान. याविषयी आमच्यात जेवढं मोकळं बोलायला हवं तेवढं बोललं जात नाही. बाहेरचे लोक समजतात की आमच्या घरांत हे प्रश्न हुकमाने सुटतात. तसं नाही. जानमाज न्यायची यात वाद नव्हता, वाद होता कोणती. घरातली मखमली जाड, ती कपाटाचा एक कप्पा खाऊन टाकते. भाचीने पातळ, घडी करून पुस्तकाएवढी होणारी घेतली. कुराण शरीफ न्यायचं तर ते ठेवायचं कुठे? एकच कपाट, खाली चपला, मध्ये कपडे. दादींनी वरच्या कप्प्यात जुजदानात ठेवायचं ठरवून दिलं आणि त्या कप्प्यात दुसरं काही ठेवायचं नाही अशी अट घातली. भाचीने ती मानली आणि म्हणून दोन पुस्तकं कमी नेली.

बुरख्याचा प्रश्न याहून अवघड होता. सोलापूर सरहद्दीवरचं शहर. आमचे निम्मे नातलग विजापूर आणि गुलबर्ग्याचे. २०२२च्या फेब्रुवारीत कर्नाटकात हिजाबावरून कॉलेजांची दारं बंद झाली, १५ मार्चला तिथल्या उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. त्या दिवसांत आमच्या नात्यातल्या मुली परीक्षेचं हॉलतिकीट हातात घेऊन घरात बसून होत्या. त्यामुळे आमच्या घरात दोन भीती एकाच वेळी होत्या. बुरखा नेला तर कॉलेजात कोणी काही बोलेल, आणि नाही नेला तर मोहल्ल्यात कोणी काही बोलेल. दोन्ही भीतींत मुलीला काय हवं हे कोणी विचारलं नव्हतं. भाचीने चार ओढण्या घेतल्या आणि बुरखा एक. ‘गाडीत घालीन, प्रयोगशाळेत घालणार नाही. तिथे पांढरा ॲप्रन असतो,’ म्हणाली. तिच्या जागी दुसरी मुलगी दुसरं ठरवील. आमचं म्हणणं एवढंच की ते तिने ठरवावं. सरकारने नाही, मोहल्ल्याने नाही, आणि आम्ही फुफी-मामींनीही नाही.

तिच्या यादीतली पहिली ओळ मात्र आम्हा कोणाच्याच ध्यानात आली नसती. एक जाड रजिस्टर वही. अकरावीत गेल्यावर तिने ती सुरू केली होती. पानाला तीन रकाने, उर्दू, मराठी, इंग्रजी. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. कसर, अपूर्णांक, फ्रॅक्शन. तेजाब, आम्ल, ॲसिड. दहा वर्षं आम्ही तिला मुसल्लस शिकवला आणि अकरावीच्या पहिल्या दिवशी फळ्यावर ट्रँगल आला. उर्दू माध्यमाच्या मुलांना विज्ञान येत नाही असं जे म्हटलं जातं त्यातलं निम्मं एवढंच असतं. मुलाला गोष्ट ठाऊक असते, तिचं फळ्यावरचं नाव ठाऊक नसतं. आम्ही उर्दू माध्यमाच्या बाजूचे आहोत. मातृभाषेत शिकल्याने मूल धीट होतं, हे आम्ही रोज पाहतो. पण तो धीटपणा अकरावीच्या उंबऱ्यावर मोडू नये, तर ही वही आठवीपासूनच व्हायला हवी. भाभींनी वही बाजूला काढून त्या जागी बदामाचा डबा ठेवला होता. भाचीने डबा काढून वही परत ठेवली.

खाण्याचं सामान लवकर ठरलं. मेसमध्ये शाकाहारी जेवण, खोलीत शिजवायला बंदी. भाभींना सुकं मटण करून द्यायचं होतं. भाचीने नको म्हटलं. खोलीतल्या दोघी कोण आहेत ते आधी पाहू, म्हणाली. गेली ती शेंगाचटणी आणि कडक भाकरी. खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाचटणी महिनाभर टिकते. ज्वारीची पातळ, शेकून कडक केलेली भाकरी त्याहूनही टिकते, आणि यातलं काहीही कोणाच्या धर्माला खुपत नाही. सोलापूरच्या लिंगायताच्या, पद्मशालीच्या आणि बागवानाच्या घरातून निघालेल्या मुलीच्या पिशवीत या दोन गोष्टी सारख्याच असतात.

सगळं बांधून झाल्यावर भावाने एक नियम केला, आणि आम्हांला वाटतं तो सगळ्यांत शहाणपणाचा होता. एक बॅग आणि एक वळकटी. दोन्ही भाचीने स्वतः उचलून अंगणातून गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायच्या. जे उचलवणार नाही ते घरी. पुण्याच्या स्टेशनवर तिच्याबरोबर तो पहिल्या वेळी असणार होता, दर वेळी नव्हे. बदामाचा डबा, दुसरी बादली आणि चौदापैकी पाच जोड याच अंगणात परत आले. तीन जोड मात्र भाभींनी वळकटीत दडपलेच.

मार्च २०२५ च्या शेवटी भाची ईदेला घरी आली. आम्ही तिची बॅग उघडून पाहिली. वळकटीतले तीन जोड घडीसुद्धा न मोडता परत आले होते. भावाने दिलेल्या तीन कुलपांपैकी दोन कागदात गुंडाळलेलीच. चादर आणली नव्हती, ती रोज लागते म्हणाली. वहीचे तिन्ही रकाने भरत आले होते आणि चौथा तिने आखला होता, औषधांच्या लॅटिन नावांसाठी. रमजानची सहेरी कशी केलीस विचारलं, कारण मेस सकाळी आठला उघडते आणि किटलीला बंदी. तर रात्रीच्या मेसमधून पेलाभर दूध झाकून ठेवायचं आणि पहाटे त्यात कडक भाकरी कुस्करून खायची. खोलीतल्या दोघींपैकी एक लातूरची, एक नाशिकची. लातूरच्या मुलीने पहिल्या आठवड्यात विचारलं होतं, तुम्ही उर्दूत शिकता म्हणजे मराठी कशी येते? आता तीच परीक्षेआधी वही मागून घेते, कारण मराठी माध्यमातून आलेल्या मुलीलाही आम्लावरून ॲसिडपर्यंतचा रस्ता तेवढाच लांब असतो.

पेटी मात्र अर्धी रिकामी आहे, हे खरं आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ईदेला आलेल्या एका नातलग बाईंनी सरळ विचारलं, ‘चार वर्षांनी पोरगी बावीसची होईल. तिच्याएवढा शिकलेला मुलगा आपल्यात कुठून आणाल? आणि आणलात तर त्याला काय द्याल?’ भाभी आत निघून गेल्या. प्रश्न दुष्टपणाचा नव्हता. आमच्या शाळेतली मुलं दहावीनंतर गॅरेजवर, मंडईत, मोबाईलच्या दुकानात जातात आणि मुली शिकत राहतात. ते आम्ही दर जूनमध्ये वर्गातल्या रिकाम्या बाकांवरून मोजतो. मुलीचं शिक्षण थांबवून हे अंतर भरता येईल असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी आमचा वाद आहे. मुलांना पुढे ढकलून भरावं लागेल, आणि ते काम आमचं, शिक्षकांचं आहे. पण तोवर ज्या मुली पुढे गेल्या त्यांच्या आया रात्री जागतात. त्यांना भाषणं देऊन झोप येणार नाही. भिशीचे ३६ हजार कानातल्यांत राहिले असते तर ते एका दिवशी मिरवले असते. आज त्यांची एक खाट, एक टेबल आणि एक कपाट झालं आहे. हा हिशेब भाभींना पटला आहे, दादींना अजून पूर्ण पटलेला नाही.

यंदा आमच्या शाळेतून दहावी झालेल्या आणि आता बारावीला बसलेल्या तीन मुलींचे पालक भेटून गेले. तिघींच्या आयांनी आधी विचारलं ते, ‘किती कपडे लागतात?’ एका बापाने विचारलं, कुलूप कोणतं चांगलं. म्हणून आम्ही एक कागद करून शिक्षक-खोलीच्या भिंतीला लावला आहे. वर १९६७ पूर्वीच्या नोंदीविषयी आणि नावाच्या स्पेलिंगविषयी, कारण आधारवर एक आणि दाखल्यावर दुसरं असेल तर गाडी तिथेच अडते. मग वही, मग पांघरूण, सहा जोड, एक कुलूप, शेंगाचटणी. धर्माच्या सामानाच्या ओळीवर लिहिलं आहे, ‘मुलीला विचारा.’ एका मौलवीसाहेबांनी तो कागद पाहिला, बराच वेळ वाचला आणि स्वतःच्या नातीसाठी त्याची झेरॉक्स मागितली.

गेल्या आठवड्यात दादींनी विचारलं की पुण्यात लातूरच्या त्या पोरीजवळ धड पांघरूण आहे का. पेटीची किल्ली कनवटीलाच आहे, आणि दुसरी चादर अजून पेटीत आहे.